एकशे एक ताटल्या आणि एक पेला

आमच्या घरात एकाही भांड्यावर आमचं नाव नव्हतं. घर कुणाचं, तर मिरजेच्या बाजारात भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून उभ्या गावाच्या भांड्यांवर नावं घालणाऱ्या शांतवनचं. वडिलांना मी दादा म्हणायची. दादाच्या हातात एक पोलादी खिळा, एक लहानशी हातोडी, मांडीवर पोत्याची घडी आणि त्यावर गिऱ्हाइकाचं भांडं. टिक टिक करत तो ठिपक्याला ठिपका लावायचा आणि त्यातून अक्षर उठायचं. हल्ली यंत्र आलंय. ते घुर्र करून दोन मिनिटांत नाव ओरबाडून देतं आणि त्या ओरखड्यांना लोक अक्षर म्हणतात. दादाचं अक्षर बघून शाळेतल्या मास्तरांनी मान खाली घालावी असं होतं. आणि त्याच्या स्वतःच्या घरात मी रोज ज्या ताटात जेवायची त्यावर ‘चि. सौ. कां. सुलोचना हिच्या विवाहाप्रीत्यर्थ मामाकडून’ असं लिहिलेलं होतं. ही सुलोचना मी कधी पाहिली नाही. तिचं लग्न मोडलं एवढं मात्र मला ठाऊक होतं, कारण मोडलं नसतं तर ते ताट आमच्याकडे आलंच नसतं.

नाव घातलेलं भांडं दुसरं गिऱ्हाईक घेत नाही. लग्न मोडलं, देणाऱ्याघेणाऱ्याचं भांडण झालं, थोरल्या काकाचं नाव धाकट्याच्या खाली आलं, की ते भांडं फिरून दुकानात यायचं आणि शेठ ते मजुरीच्या बदल्यात दादाच्या गळ्यात मारायचा. त्यामुळे आमचं फडताळ म्हणजे सगळ्या मुलखाच्या रुसव्याफुगव्यांचं कोठार झालं होतं. परात एका बहिणीनं भावाला दिलेली आणि वाटणीवरून बोलणं तुटल्यावर त्यानं परत फेकलेली. तांब्या रहिमतपूरकडच्या कुठल्याशा कुस्त्यांच्या मैदानात दुसऱ्या क्रमांकासाठी ठेवलेला, पण दुसरा आलेला पैलवान म्हणे तांब्या न उचलताच निघून गेला. लहानपणी ही सगळी मंडळी मला नातेवाईक वाटायची. जरा कळायला लागल्यावर मला त्यांचा तिटकारा आला. एवढा मोठा आव आणून खिळ्यानं ठोकून घेतलेलं नाव, आणि आठ दिवसांत ते परक्याच्या घरात भाकरीच्या तुकड्याखाली.

आमच्या दोन खोल्या देवळाच्या मागच्या आळीत होत्या. देऊळ म्हणजे आमचं ख्रिस्ती मंदिर. आम्ही त्याला देऊळच म्हणायचो. पलीकडच्या गल्लीत तंबोरे करणाऱ्यांची घरं, तिथून दुपारभर तारा लावल्याचा आवाज यायचा. एकच सूर, पुन्हा तोच, मग जरा वर, मग पुन्हा तोच. स्टेशनात गाड्यांचे डबे जोडायचे त्याची धडधड यायची. आणि संध्याकाळी आईच्या भाकऱ्या थापण्याचा आवाज. माझी आई सगुणा, किडकिडीत, काळीसावळी, तोंडानं बारीक गाणं चालू. रविवारी प्रार्थना झाली की मटणाचा रस्सा, इतर दिवशी पिठलं नाहीतर डाळकांदा. नाताळ जवळ आला की करंज्यांसाठी आळीतल्या बायका आमच्याच घरी जमायच्या, कारण सगळ्यात मोठी परात आमच्याकडे होती, ती त्या भांडलेल्या भावाची.

आईला एकच हौस होती. तिला पाणी प्यायला एक पेला हवा होता आणि त्यावर तिचं नाव. जन्मभर ती ‘गणेश मंडळाकडून’ असं लिहिलेल्या पेल्यानं पाणी पीत आली. ती लाडात आली की दादाला म्हणायची, जगाची नावं घालता, माझं कधी घालणार? दादा हसून टाळायचा. त्याचं एक ठरलेलं म्हणणं होतं आणि ते तो गिऱ्हाइकांनाही ऐकवायचा: भांड्यावर नाव घालायचं ते मिरवायला नाही, हरवलं तर परत यावं म्हणून. लगीनघरी शंभर घरची भांडी जातात, खरकट्याच्या ढिगात सगळी एक होतात, तेव्हा कुणाची कोणती हे नावावरून कळतं. म्हणून नावाखाली गावही घालायचं. आपल्या घरचा पेला उंबऱ्याबाहेर जात नाही, मग नाव कशाला? आई यावर म्हणायची, कंजूस आहात. आणि दोघं हसायची. मला तेव्हाही ते हसू आवडत नव्हतं. गरिबीत सुखी असणारी माणसं मला त्या वयात मूर्ख वाटायची.

देवळात तरी काय निराळं होतं? छताला आठ पंखे होते आणि प्रत्येक पंख्याच्या पात्यांवर लाल रंगात दात्याचं नाव. एका पात्यावर ‘अमुक यांच्याकडून’, दुसऱ्यावर ‘प्रभूच्या गौरवार्थ’, तिसऱ्यावर गाव. पंखा फिरायला लागला की दाता, गौरव आणि गाव एकत्र मिसळून एक लाल रिंगण दिसायचं. वीज गेली की दाते वाचता यायचे. उपदेशात पाळकसाहेब सांगत होते की हे जग धुक्यासारखं विरून जाणार, आणि खाली बाकांवर दोन कुटुंबं पुढच्या रांगेतल्या बाकावर कुणाच्या आजोबांचं नाव राहणार यावरून तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती. मी सतरा वर्षांची होते. माझं नाव करुणा, आणि जीभ ही अशी. मी आईला म्हटलं होतं, तुमच्या देवाच्या घरीही पाटी लावल्याशिवाय कुणी आत येत नाही. आईनं मला एक चापट मारली. नंतर तोंड फिरवून हसली, ते मी पाहिलं.

मग आई आजारी पडली. पोटात गाठ होती. मिरजेत इस्पितळांना तोटा नाही, त्यातल्याच एका इस्पितळात बायकांच्या खोलीत तिला खिडकीजवळची खाट मिळाली. डॉक्टरांनी दादाला बाजूला घेऊन सांगितलं आणि दादानं ते आईला जसंच्या तसं सांगितलं. त्या दोघांत लपवाछपवी नव्हती. मला मात्र कुणी सांगितलं नाही, मी ते दादाच्या पाठीवरून ओळखलं. त्या दिवसापासून तो वाकून चालायला लागला. लगीनसराई तोंडावर होती, कामाचा ढीग पडला होता आणि आईला एकटं टाकवत नव्हतं, म्हणून दादा पोत्यात भांडी भरून इस्पितळात आणायचा आणि व्हरांड्याच्या टोकाला बसून नावं घालायचा. तिथल्या नर्सबाई चांगल्या, त्यांनी दुपारच्या दोन तासांची मुभा दिली होती. टिक टिक ऐकत आई झोपायची. तिला घरात असल्यासारखं वाटत असणार.

आईच्या शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती. सगळे तिला माई म्हणायचे. सांगलीतल्या एका हळदीच्या व्यापाऱ्याची आई. स्वतंत्र खोली मिळेपर्यंत म्हणून तिला आमच्यात आणून टाकलं होतं, आणि मग ती म्हणाली मी इथंच राहते, इथं निदान बोलायला माणूस आहे. माहेर आटपाडीकडचं, मेंढरामागं वाढलेली बाई. सांगलीत पन्नास वर्षं काढून, अंगावर सोनं घालून, तिची बोली जराही सांगलीची झाली नव्हती. तिला बघायला जी मंडळी यायची ती बघण्यासारखी होती. मुलगा दारातूनच डॉक्टरांना शोधायचा. सून चांदीच्या डब्यातून शिरा आणायची, तो माईला चालत नाही हे रोज तिला सांगावं लागायचं, आणि तो शिरा मग नर्सबाईंना देताना ती आपली कोणती बांगडी वर आहे हे बघायची. डॉक्टर त्यांना एकदा एवढंच म्हणाले होते की दुखणं अवघड आहे, घरच्यांना बोलावून घ्या. त्यावर या लोकांनी जे केलं ते आजही आठवलं की मला हसू येतं आणि मग राग येतो.

एक दुपार. आई झोपलेली. व्हरांड्यात टिक टिक चाललेली. माईनं मला विचारलं, तुझा बाप रोज ते काय ठोकत बसतो. मी सांगितलं. ती म्हणाली, आण बघू एक, कसं दिसतंय. मला दादाच्या अक्षराचा अभिमान होता, माझ्यासारख्या तिरसट पोरीलासुद्धा तेवढा एक अभिमान होता. दादा पाणी प्यायला नळावर गेला होता. मी पोत्यावरच्या चवडीतली वरची ताटली उचलली, पदराला पुसली आणि माईच्या हातात दिली. आत काय लिहिलंय हे मी वाचलंही नव्हतं. रोज शेकडो नावं बघणारी मुलगी नाव वाचत नाही, हलवायाच्या घरी कुणी पेढे खात नाही तसं.

माईनं ताटली डोळ्यांजवळ धरली. बराच वेळ धरली. मग म्हणाली, “मला लिवता वाचता येत न्हाई. सहीपुरतं लेकानं शिकिवलं, तेवढं माजं नाव वळकायला येतंय. ह्ये माजं नाव हाय. त्याच्या आदी काय लिवलंय गं?”

मी वाकून बघितलं. ‘कै. सोनाबाई यांच्या स्मरणार्थ.’ खाली ‘सांगली’. माईचं नाव सोनाबाई आहे हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. दादालाही नव्हतं, त्याला शेठनं चिठ्ठी दिली होती. सुनेनं विचार केला होता की एकदा लगीनसराई सुरू झाली की नावं घालणारा माणूस सापडत नाही, मग तेराव्याला वाटायच्या ताटल्या आयत्या वेळी कुठून आणायच्या? तेव्हा सासूबाई आहेत तोवरच काम उरकून घेतलेलं बरं. टापटिपीची बाई. मी खोटं बोलू शकले असते. ‘गंगाभागीरथी’ लिहिलंय म्हणाले असते तरी चाललं असतं. पण माझ्या तोंडून शब्द आपोआप निघाला. मी म्हटलं, कैलासवासी.

 ताटली पोटावर ठेवून माईनं छताकडे बघितलं.  मग तिनं विचारलं, किती आहेत. मी म्हटलं, एकशे एक. “झाल्या का समद्या?” मी म्हटलं, साठ झाल्यात. तेवढ्यात दादा आला, त्यानं तिच्या हातातली ताटली बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि जिथं होता तिथंच खाली बसला. माई त्याला म्हणाली की काम अर्धवट सोडू नकोस, पुरं कर. संध्याकाळी सून शिरा घेऊन आली तेव्हा माईनं तीच ताटली पुढं केली आणि म्हणाली, यात वाढ. सुनेनं वाढायला घेतलं, नाव वाचलं, आणि तिच्या हातातला चमचा खाटेखाली गेला. मला त्या वयात तो क्षण फार आवडला. आज त्या बाईची थोडी कीव येते, जास्त नाही.

आई जागीच होती. तिनं सगळं ऐकलं होतं. सून गेल्यावर माई आईकडे कुशीला वळली आणि तिनं विचारलं, “तुला बी सांगितलंय न्हवं डॉक्टरनं?” आई म्हणाली, सांगितलंय. “मग तुजा नवरा जगाची नावं घालत बसलाय. तुजं कुटं घालनार?”

 आई म्हणाली, “भांड्यावर भांड्याचं नाव नसतंय माई. ज्याचं भांडं हाय त्याचं असतंय. लग्नाच्या गर्दीत कुटंबी पडलं, खरकट्यात गेलं, तरी त्या नावावर घरला येतंय. माज्यावर माज्या मालकाचं नाव हाय. त्यो न्यायला येनार, मला ठावं हाय.”

माई म्हणाली, लगीनघरी भांडी हरवतात सुद्धा. आई म्हणाली, हरवतात, पण ज्याची आहेत तो शोधल्याशिवाय राहत नाही. बस्स, एवढंच.  दादा दाराशी पोतं आवरत होता. मी खिडकीशी उभी राहून ऐकत होते आणि माझ्या मनात संताप मावत नव्हता. एकीकडे मरणाआधी एकशे एक ताटल्या, आणि दुसरीकडे ही माझी आई, जिला जन्मभर एक पेला मिळाला नाही ती धंद्यातल्या गप्पांवर मरणाला सामोरी जातेय. गरिबांकडे असली वाक्यं भरपूर असतात, असं मला वाटलं. दुसरं काही नसतं म्हणून.

पुढं जे झालं ते इतकं उघडउघड अन्यायाचं होतं की मी ते आजही कुणाला पटवून देऊ शकत नाही. माई बरी झाली. सात दिवसांत उठून बसली, दहाव्या दिवशी स्वतःच्या पायानं चालत गाडीत जाऊन बसली. आणि त्यानंतर तिसऱ्या दिवशी, पहाटेच्या उजेडात, आई गेली. दादानं तिचा हात धरला होता. ती शेवटी काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. दादाला आलं, पण त्यानं मला कधी सांगितलं नाही, आणि मी कधी विचारलं नाही.

आईला माती देऊन परतल्यावर आळीतल्या लोकांनी आमच्या घरी जेवण आणलं. आमच्यात घरच्यांनी चूल पेटवायची नसते. भात आणि आमटी होती. ताटं कमी पडली. कुणीतरी फडताळाखालचं पोतं उघडलं, आणि शेठनं दादाच्या गळ्यात मारलेल्या त्या एकशे एक ताटल्या बाहेर आल्या. कारण जिवंत बाईच्या स्मरणार्थ कोण काय वाटणार? अशा रीतीनं माझ्या आईच्या मातीचं जेवण सांगलीतल्या सुखरूप सोनाबाईंच्या स्मरणार्थ झालं. लोक भात संपवत आले की एकेकाला नाव दिसायला लागायचं. पाळकसाहेबांनी घास तोंडात तसाच धरून माझ्याकडे बघितलं. एक बाई मला जवळ घेऊन सांगत होत्या की देवाला चांगली फुलं आधी हवी असतात. मी त्यांना विचारलं की मग तुम्ही अजून इथं कशा. आजही मला त्याचा पश्चात्ताप नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. आईचा इस्पितळात नेलेला साधा पेला खिडकीत उपडा पडला होता, तो एकच असा होता की ज्यावर कुणाचंच नाव नव्हतं. इस्पितळात न्यायला म्हणून दादानं नवीन आणला होता. मी खिळा आणि हातोडी घेतली. पेला गोल, खिळा सरकला, ‘स’ची गाठ वेडीवाकडी झाली, दुसरा ठोका माझ्या बोटावर बसला. मी रडले नाही, चिडले. दादा दारात येऊन उभा राहिला होता. तो रागावला नाही. माझ्या हातातून पेला घेतला, भिंतीला टेकून बसला, आतून लाकडाचा गोल ठोकळा घातला आणि म्हणाला, तुझी चूक झालीय तिथं एक वेल काढून झाकतो. आणि टिक टिक सुरू झालं. मी पाठ फिरवून उभी राहिले. मला वाटलं, चला, मेल्यावर का होईना, नाव घालतोय.

झाल्यावर त्यानं पेला माझ्या हातात दिला. त्यावर होतं, ‘प्रभू येशू’. एवढंच. इतकी सुंदर अक्षरं त्यानं कधी काढली नव्हती.

मी म्हटलं, तिचं नाव कुठाय. दादा म्हणाला, “तिनं काय सांगितलं हुतं? भांड्याचं नाव घालत न्हाईत.” माझ्या अंगाची आग झाली. मी म्हटलं, मग गाव तरी घाला, तुमच्या धंद्याचा नियमच आहे, गावाशिवाय भांडं परत कसं येणार? मी त्याला टोचायला म्हटलं होतं. दादा खिळा पोत्यात गुंडाळत होता. मान वर न करता म्हणाला, “त्याचं गाव कुटं हाय त्ये मला सांगता यायचं न्हाई पोरी. पर त्याला आपलं ठावं हाय.”

त्यानंतर दोन महिने मी दादाशी बोलले नाही. जेवायला वाढायची, पाणी द्यायची, पण त्या पेल्यातून नाही. देवळात जायचं बंद केलं. पंख्यांची नावं वाचायची इच्छासुद्धा उरली नाही. मला वाटायचं की आईला दोनदा मारलं, एकदा गाठीनं आणि एकदा या माणसाच्या भक्तीनं. खाली बसून विचार करायला लागले की तिचा चेहरा आठवेनासा व्हायचा आणि मी घाबरायची. पुढं मागं तिची एकही खूण राहणार नाही, आणि सुलोचनाचं ताट मात्र राहील, हे मला सहन होत नव्हतं.

आणि एक दिवस आमच्या आळीत मोटार आली. आळीतली सगळी पोरं तिच्या मागे धावत आली. त्यातून माई उतरली, काठी टेकत, एकटी. घरात येऊन आईच्या जागेवर बसली. दादानं सांगितलं तेव्हा तिला कळलं की आई गेली. ती पदर डोळ्यांना लावून बराच वेळ बसून राहिली. मग तिनं विचारलं की त्या ताटल्या कुठायत. दादा ओशाळला. त्यानं एक काढून दिली. माईनं आपल्या नावावरून बोट फिरवलं आणि आधीच्या अक्षरावर थांबवलं. म्हणाली, एवढं खोडता येईल का? दादानं सांगितलं की ठिपका बसला की बसला, खोडता येत नाही, खोडलं तर भोक पडतं. “मग ऱ्हाऊ दे,” माई म्हणाली. “आज न्हाई उद्या खरं हुनारच हाय.” आणि ती स्वतःशीच हसली. तिच्या घरातल्या सगळ्या लोकांत शहाणं माणूस तेवढं एकच होतं.

तिनं पाणी मागितलं. मी माठाकडे गेले. जवळ हाताला लागला तो तोच पेला, खिडकीतला. मी तो टाळून दुसरा घेणार होते, पण तिनं बघितलं आणि म्हणाली, तोच दे, तो सगुणाचा आहे, मी ओळखते. ती पाणी प्यायली. मग पेला फिरवून त्यावरची अक्षरं डोळ्यांजवळ धरली आणि माझ्याकडे धरून म्हणाली, “ह्ये माजं नाव न्हवं. वाच की गं.”

दुसऱ्यांदा तिनं मला वाचायला लावलं होतं. मी वाचलं, प्रभू येशू. माई म्हणाली, “म्हंजी ज्याचं भांडं हाय त्याचं. तुजी आई म्हनली हुती तसंच घातलंय बापानं.” तिनं पेला खाली ठेवला, अगदी अलगद, आणि मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागले. आई गेल्यापासून पहिल्यांदा. माई माझ्या पाठीवर हात फिरवत राहिली. तिच्या हाताला हळदीचा वास होता. आईच्या विश्वासात तिला काय कळलं आणि काय नाही, हे मला सांगता येणार नाही. तिनं आपले देव सोडले नाहीत आणि कुणी तिला सोडायला सांगितलंही नाही. पण माझ्याच घरात, माझ्याच भाषेत लिहिलेली गोष्ट मला त्या निरक्षर बाईनं वाचायला लावली. मी दोन महिने समजत होते की दादानं आईचं नाव पुसलं. खरं तर त्यानं ती कुणाची आहे ते लिहून ठेवलं होतं, म्हणजे ती कुठं गेली हे शोधत बसायला नको.

त्या दिवशी मला दर्शन वगैरे काही झालं नाही. दर्शन झालेली माणसं मी पुष्कळ पाहिलीत, त्यांतली बरीच नंतर बाकावरच्या नावासाठी भांडतात. मला एवढंच झालं की भीती गेली. आईचा चेहरा विसरला तरी चालेल, कारण माझ्या आठवणीवर ती टिकून नाही, हे कळलं. संध्याकाळी मी दादाला त्याच पेल्यातून पाणी दिलं. त्यानं घेतलं. 

आता मी सांगलीत राहते, तळमजल्यावर. चौकात रोज नवा फलक लागतो. कुणा दादाचा वाढदिवस, कुणा भाऊंची निवड, गॉगल लावलेले तीस चेहरे, आणि तीन दिवसांनी त्याच फलकाचं कापड कुणाच्या तरी गोठ्यावर ताडपत्री म्हणून. रस्त्यावरच्या थांब्याला नाव, बागेतल्या बाकाला नाव, स्मशानाच्या कमानीलासुद्धा नाव. गेल्या पुराला कृष्णा आमच्या खिडकीपर्यंत आली तेव्हा तिनं मात्र कुणाचं नाव वाचलं नाही. पाणी ओसरल्यावर मी परत आले तर घरात गुडघाभर गाळ. सुलोचनाचं ताट, भावाची परात, माईच्या उरलेल्या ताटल्या, सगळं चिखलात एक झालं होतं. तो पेला मी दोन दिवस शोधला. गाळ चाळला. मिळाला नाही. माझा मुलगा पुण्याहून आला होता, म्हणाला, आई, जाऊ दे, आपण तसाच नवीन करून घेऊ. मी त्याला हसले. त्याला वाटलं मला धक्का बसलाय.

पेला अजून आलेला नाही. कुठंतरी कुरुंदवाडच्या खाली वाळूत पडला असेल, किंवा भंगारवाल्यानं वितळवला असेल. मला त्याची हळहळ वाटते, नाही वाटत असं खोटं कशाला सांगू. पण सतरा वर्षांची असताना वाटलं असतं तसं मला वाटत नाही, की आता सगळं संपलं.

परवा आमच्या देवळाचे नवे पाळक आले होते, तरुण आहेत, उत्साही आहेत. पुरात बाकं कुजली, नवी करायचीत, एका बाकावर तुमच्या आईचं नाव घालू म्हणाले. आणि मुलानं तर मी जाईन त्या दिवशी चौकात फलक लावायचं आत्ताच ठरवून ठेवलंय, माझा कुठला फोटो घ्यायचा तेही विचारून गेला. टापटिपीचा आहे. मी दोघांना एकच सांगितलं. बाक करा, हवं तर माझ्या शवपेटीवरही घाला, पण नाव घालायचंच असेल तर मालकाचं घाला. पाळकांनी वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, खाली गाव कोणतं घालू, मिरज की सांगली? मी म्हटलं, गाव नको. त्याला आपलं ठावं हाय.